गाठीच्या बाहेर

गल्लीच्या तोंडाशी एकाच भिंतीवर दोन पाट्या होत्या. वरची मोठी, लाल अक्षरांची: 'मोटार चालवायला शिकवले जाईल'. तिच्या खाली, जरा अंग चोरून लावल्यासारखी दुसरी: 'सोफे-खुर्च्या मढवून मिळतील'. वरची पाटी बायकोची, खालची नवऱ्याची. घरातही साधारण असंच होतं.

बायकोला सगळा भाग ब्रेकबाई म्हणायचा. नवीन शिकाऊ माणसाला त्या पहिल्या दिवशी ऐकवायच्या, की गाडी पळवायला कुणालाही येते, थांबवायला यावी लागते. त्यांच्या गाडीत दोन्ही बाजूंना ब्रेक होते आणि बाईंचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवरून कधी हलायचा नाही. तोंडही थांबायचं नाही. गाडीच्या काचा लावलेल्या असल्या, तरी चौकातल्या पोलिसाला कळायचं की आज कोण शिकतंय आणि त्याला काय येत नाही.

नवरा म्हणजे खिळेकाका. खुर्चीवर कापड ताणून बसवताना बारीक खिळे मूठभर तोंडात टाकायचे, जिभेनं एकेक ओठांत आणायचा आणि हातोडीनं ठोकायचा, ही त्यांची कामाची पद्धत. त्यामुळे दिवसभर त्यांचं बोलणं म्हणजे 'हं' किंवा 'उंहूं'. बाई दुकानाच्या दारातून ओरडायच्या, "अहो, आधी तोंडातले खिळे काढा. मला एकटीनं भांडायचा कंटाळा आलाय." मग काका खिळे तळहातावर काढायचे, बाईंचं सगळं ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तोंडात टाकायचे.

एक खुर्ची झाली की दुसरी घेण्याआधी काका दुकानाबाहेर उभे राहून सिगरेट ओढायचे. ऐन तरुणपणापासूनची सवय. बाईंनी आयुष्यात सिगरेटला हात लावला नव्हता, दारूला नाही, कशालाच नाही.

बाईंच्या जिभेला डाव्या कडेला फोड आला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. त्याच जागी एक दाढ तुटलेली होती आणि तिचा कंगोरा जिभेला घासत होता. औषधाच्या दुकानातून आणलेलं मलम लावलं. दातांच्या डॉक्टरांनी दाढ घासून गुळगुळीत केली, तेव्हा चार दिवस बरं वाटलं. मग परत सुरू. तेवढ्यात लायसन्सच्या परीक्षांची गर्दी आली आणि बाई म्हणाल्या, हा हंगाम जाऊ दे. हंगाम गेला. दुखणं कानापर्यंत चढलं. शिकाऊ पोरं आपसात म्हणायला लागली की मॅडमचा 'र' आजकाल नीट येत नाही.

काकांच्या लक्षात आलं ते जेवताना. बाई घास फक्त उजव्या बाजूला चावत होत्या आणि गिळताना डोळे मिटत होत्या. काकांनी त्यांना जवळजवळ ओढतच दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावून बोटानं दाबून पाहिली, दिवा बंद केला, हातमोजे सावकाश काढले आणि बाहेर बसलेल्या काकांना आत बोलावलं.

"हे दाताचं नाही," ते म्हणाले.

फोडाचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला.

मोठ्या इस्पितळातले सर्जन चष्मा कपाळावर चढवून बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी बाईंना विचारलं, तंबाखू? नाही. सिगरेट? नाही. दारू? नाही. मग त्यांची नजर सहज काकांच्या हातावर गेली. पिवळी पडलेली दोन बोटं काकांनी खिशात घातली. बाईंनी ते पाहिलं.

"यांच्या वाट्याचं मला आलं की काय?" बाई म्हणाल्या. त्यांच्या मते तो विनोद होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, तसं काही सांगता येत नाही, काहीही न ओढणाऱ्या माणसांनाही जिभेचा कॅन्सर होतो. कुणी हसलं नाही. काकांच्या मनात मात्र आलं, की आपण इतकी वर्षं तोंडात धूर घेतला, लोखंड घेतलं, आणि आपलं तोंड धडधाकट. हिच्या तोंडातून शब्दांशिवाय काही गेलं नाही, आणि हिची जीभ.

बाईंनी मुद्द्याला हात घातला. "डॉक्टर, गोल गोल नको. मी वाचेन का?"

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. म्हणाले, आज बोललो तर तो नुसता अंदाज होईल. फोड दिसतो केवढा, याला फार अर्थ नाही. तो जिभेत किती खोल उतरलाय, ते महत्त्वाचं. मानेतल्या गाठींपर्यंत पोचला असेल, तर चित्र वेगळं. पोचून गाठीच्या आतच बसला असेल तर एक, आणि गाठीचं आवरण फोडून बाहेर पडला असेल तर दुसरंच. जिभेचा जो भाग काढू, त्याच्या कडा स्वच्छ निघायला हव्यात. नसांच्या कडेनं तो सरकलेला नसावा. हे सगळं ऑपरेशननंतर, काढलेला भाग भिंगाखाली पाहिल्यावरच कळतं.

"त्यातलं माझ्या हातात काय?" बाईंनी विचारलं.

"वजन उतरू द्यायचं नाही. रक्त कमी होऊ द्यायचं नाही. उपचार मध्येच सोडायचे नाहीत, एक दिवससुद्धा. रोज आणून सोडणारं माणूस घरात असलं, की लोक उपचार पुरे करतात असं आम्ही बघतो. घरी कोण आहे तुमच्या?"

"मी आहे," काका म्हणाले. शाळेत हजेरीला ओ द्यावी तसे.

त्या दिवसापासून काकांनी हातोडी बाजूला ठेवली आणि मोबाइल हातात घेतला. दुकानात अर्धवट उघड्या पडलेल्या खुर्च्यांच्या मध्ये बसून ते वाचायचे. खोली किती असली तर काय होतं, गाठ एक असली तर काय, दोन असल्या तर काय. परगावी नोकरी करणाऱ्या लेकीनं फोनवर खडसावलं. "बाबा, ते आकडे हजारो माणसांचे असतात. आईचे नसतात."

"आपल्याकडे एकच आहे, म्हणून तर वाचतोय," काका म्हणाले आणि वाचत राहिले. चांगलं काही सापडलं की घरात येऊन सांगायचे. वाईट सापडलं की दुकानातच बसून राहायचे. बाईंना चार दिवसांत हे कळून चुकलं. काका दुकानातून वर आले नाहीत की त्या समजायच्या.

ऑपरेशनला लेक आली. जिभेचा डावा भाग काढला, त्या जागी हाताच्या कातडीचा तुकडा बसवला, मानेतल्या गाठी उपसल्या. बाई शुद्धीवर आल्या तेव्हा गळ्यात श्वासाची नळी, नाकात जेवणाची नळी. आवाज नव्हता. लेकीनं पाटी आणून दिली होती. बाईंनी त्यावर पहिलं वाक्य लिहिलं: 'जेवलात का दोघं?'

काकांना ते वाचून बाहेर जावं लागलं.

पुढचे दिवस तपासणीच्या निकालाची वाट बघण्यात गेले. काका मनातल्या मनात सौदे करत होते. गाठीत सापडला तर सापडू दे, पण एकाच. खोली जास्त असू दे, पण कडा स्वच्छ. देवाचं त्यांना फारसं कधी जमलं नव्हतं, त्यामुळे हा सौदा नेमका कुणाशी चाललाय, तेही त्यांना कळत नव्हतं.

डॉक्टरांनी तिघांना एकत्रच बसवून सांगितलं. कडा सगळ्या बाजूंनी स्वच्छ आहेत. काकांनी सुस्कारा सोडला. खोली मात्र वाटली होती त्याहून जास्त निघाली. मानेतल्या दोन गाठींत कॅन्सर सापडला. आणि त्यातल्या एकीचं आवरण फुटलं होतं.

"म्हणजे बाहेर आलाय," काका म्हणाले.

"आलाय. डोळ्यांना दिसणार नाही इतका. पण या सगळ्यात मी ज्याला भितो, ते हेच." डॉक्टर बाईंकडे बघून बोलत होते. "म्हणून नुसते किरण देऊन भागणार नाही. सोबत शिरेतून औषधही द्यावं लागेल. आणि जखम भरली की लगेच सुरू करायचं. उशीर झाला तर फायदा कमी होतो."

बाईंनी पाटीवर लिहिलं: 'आता सांगा. किती?'

डॉक्टरांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, तुमच्यासारख्या बायकांतल्या निम्म्याहून कमी वाचतात. तुम्ही कुठल्या बाजूला असाल, ते मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. बाईंनी पाटी पुसली, काही वेळ कोरी मांडीवर ठेवली आणि मग लिहिलं: 'थँक्यू.' लेक रडायला लागली, तेव्हा बाईंनी खडू टाकून तिचा हात धरला. काकांचा धरला नाही. काका दाराच्या कडीकडे बघत बसले होते.

आणि मग जखमच भरेना. हनुवटीखालचा एक टाका सारखा पाझरत राहिला. दर ड्रेसिंगला नर्स म्हणायची, आणखी थोडे दिवस. आतलं जे बाहेर पडलंय ते टाक्यासाठी थांबणार आहे का, असं काकांनी नर्सला विचारलं, मग विभागातल्या मदतनिसाला, मग लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी डॉक्टरला. किरणांच्या विभागात ते रोज जाऊन तारीख मागायचे आणि रोज त्यांना सांगितलं जायचं की जखम भरल्याशिवाय तारीख नाही. एकदा ते तिथल्या बाकड्यावर बसून मोठमोठ्यानं भांडले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तोंडात खिळे नसताना. भांडून काही झालं नाही. त्याच दिवशी सिगरेटचं पाकीट त्यांनी इस्पितळाच्या फाटकाशी कचऱ्यात टाकलं. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगून आता कुणाचं काय भलं होणार होतं?

अखेर टाका कोरडा पडला, तारीख मिळाली आणि एक नवीनच अडचण उभी राहिली. इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोज जायचं. बसमध्ये बाईंना धक्का सोसवत नव्हता. आणि गाडी चालवणार कोण? बाईंचा डावा खांदा वर उचलला जात नव्हता, मान वळत नव्हती. अर्ध्या भागाला गाडी शिकवणाऱ्या बाईंचा नवरा स्वतः कधी चाकामागे बसला नव्हता. काका म्हणायचे, घरात एक ड्रायव्हर पुरे.

काकांनी शिकाऊ लायसन्स काढलं. बाई शेजारच्या सीटवर बसल्या, पाय आपल्या ब्रेकवर. गळ्यातली नळी निघाली होती, पण जिभेवर शब्द ठरत नव्हते. त्यांनी डॅशबोर्डवर बोटांनी ठोकून शिकवलं. एकदा म्हणजे हळू, दोनदा म्हणजे थांबा, आणि सलग ठोकलं म्हणजे तुमचं काही खरं नाही. काका दोन्ही हातांनी चाक असं आवळून धरायचे, जणू ते कुणी काढून नेणार आहे. पहिल्याच आठवड्यात एका उतारावर त्यांनी गाडी भाजीच्या हातगाडीच्या इतकी जवळ नेली, की भाजीवाल्यानं खिडकीतून काकांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. काका घामाघूम होऊन म्हणाले, "शिकतोय हो."

बाईंच्या घशातून एक आवाज आला. काका घाबरून वळले. बाई हसत होत्या. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, ती रुमालानं टिपत त्या हसत होत्या, खांदा दुखेपर्यंत. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

किरणांच्या विभागाबाहेर रोज तीच माणसं भेटायची. त्यात पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांची गाठ मानेवर उघड दिसत होती, चांगली लिंबाएवढी. काकांना पहिल्या दिवशी त्यांची कीव आली. मग बोलता बोलता कळलं, की त्यांचा कॅन्सर घशातल्या टॉन्सिलचा, एका विषाणूमुळे होणारा, आणि त्या जातीचा कॅन्सर किरणांना चांगली दाद देतो. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की बहुतेक बऱ्या व्हाल.

काकांच्या मनात लगेच तुलना सुरू झाली. एवढी मोठी गाठ, आणि ही बरी होणार. आणि आपल्या बायकोच्या जिभेवरचा तो शेंगदाण्याएवढा फोड, आणि निम्म्याहून कमी. त्यांनी सर्जनना गाठून विचारलं, की ब्रेकबाईंचीही विषाणूची तपासणी करून घेऊ या का. डॉक्टर म्हणाले, जिभेच्या या भागात त्यानं काही फरक पडत नाही, तो आजारच वेगळा. काका परत येऊन बाकावर बसले आणि पोस्टातल्या बाईंशी दोन दिवस बोलले नाहीत. त्या बिचारीनं ब्रेकबाईंना तोंडाच्या जखमांवर बर्फाचा चुरा कसा धरायचा ते दाखवलं, बसायला स्वतःची उशी दिली. काका तिकडे पाठ करून उभे होते. आपल्याला या बाईचा राग येतोय, हे त्यांना कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. राग तरीही जात नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टींपैकी काकांच्या हातात येण्यासारख्या दोनच होत्या: वजन आणि हजेरी. त्या दोन्ही त्यांनी अशा पकडल्या की बाईंना श्वास घेणं मुश्किल झालं. रोज सकाळी वजनकाटा. थोडं उतरलं की काकांचा चेहरा उतरायचा. दूध, सूप, अंडं घालून घुसळलेलं काय काय, नळीतून सोडायचं. उलटी झाली तर पुन्हा तेवढंच. बाईंच्या तोंडातली कातडी सोलवटून निघाली होती. थुंकी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. मानेची त्वचा काळी पडून फाटली होती. औषधाच्या दिवशी पोटात काही राहायचं नाही. आता त्या डॅशबोर्डवर ठोकतही नव्हत्या, काका एकटेच गाडी चालवायचे. बाई मागच्या सीटवर आडव्या असायच्या.

उपचार बहुतेक होत आले असताना एका सकाळी बाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या आणि उठेचनात. गाडी दारात सुरू होती.

"चला, उशीर होतोय," काका म्हणाले. "मध्ये खंड पडता कामा नये. डॉक्टर काय म्हणाले होते?"

बाईंनी मान हलवली. नाही.

काकांनी समजावलं, मग विनवलं, मग आवाज चढवला. म्हणाले, लेकीसाठी तरी चल. म्हणाले, आज नाही गेलो तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात. शेजारची माणसं दारात येऊन बघून आत गेली. बाईंनी पिशवीतली पाटी काढली. अक्षरं तिरकी पडत होती.

'तुम्हाला बायको नकोय. पास झालेली बायको हवीय.'

काकांनी ते वाचलं. मग त्यांनी जाऊन गाडी बंद केली आणि येऊन त्याच पायरीवर, शेजारी बसले. पायरी अरुंद होती, त्यामुळे खांद्याला खांदा लागला. बाईंचा दुखरा खांदा. काका सरकले.

"मला दुसरं काही येत नाही गं," ते म्हणाले. "गाठीचं मला काही करता येत नाही. ती आधीच फुटली. मी रोज वाचतो आणि काहीच करता येत नाही. वजन तेवढं करता येतं. म्हणून करतो. तू काट्यावर उभी असलीस की मला वाटतं अजून काहीतरी आपल्या हातात आहे. नाही तर मी काय करू? तू सांग, मी काय करू?"

समोरून लोक येत-जात होते. काका गुडघ्यांवर हात ठेवून रडत होते, आवाज न करता, आणि नाक पुसायला रुमाल शोधत होते. बाईंनी आपला दिला. तो त्यांच्याच लाळेनं ओला होता. काकांनी त्यानंच तोंड पुसलं.

मग बाई कठड्याला धरून उठल्या आणि गाडीकडे गेल्या. विभागात पोचेपर्यंत त्यांची वेळ टळून गेली होती. मशीन चालवणाऱ्या मुलीनं काही न विचारता त्यांना शेवटी घेतलं. खंड पडला नाही.

उपचार संपले. पहिल्या तपासणीत सगळं स्वच्छ. बाईंचा आवाज परत आला तो जाडसर, तोंडात ओलं कापड धरून बोलल्यासारखा. परक्याला त्यातलं निम्मं समजायचं नाही. काकांना सगळं समजायचं. चव गेली होती, लाळ आटली होती, दोन घासांमागे पाणी लागायचं. तरी एका जुन्या शिकाऊ बाईला त्यांनी उजळणीसाठी गाडीत घेतलं. तो सगळा काळ काका दुकानाच्या दारात उभे होते आणि गाडी वळणावरून परत येताना दिसली, तेव्हा आत जाऊन खुर्चीला खिळे ठोकायला लागले. मधल्या त्या महिन्यांत घरात कुणी आकड्याचा विषय काढला नाही. काकांनी मोबाइलवर वाचणंही सोडलं होतं. त्यांना वाटायला लागलं होतं की आपण वाचणाऱ्यांच्या बाजूला निघालो.

बाहेर जायचं होतं म्हणून काका बाईंच्या ब्लाउजची कॉलर नीट करत होते, तेव्हा जबड्याखाली, ऑपरेशनच्या व्रणाच्या कडेला, बोटाला काहीतरी कडक लागलं. मण्याएवढं. काकांनी हात काढून घेतला. म्हणाले, झालं, निघू या.

"कळलं ना तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "मला मागच्याच आठवड्यात लागलं हाताला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खुर्च्या करायला लागला होतात परत."

तपासणीत मानेतली गाठ कॅन्सरचीच निघाली आणि फुप्फुसातही ठिपके दिसत होते. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर परत येणं हेच सगळ्यात वाईट लक्षण. पुन्हा कापण्यासारखं नाही, पुन्हा किरण देण्यासारखं नाही. एक औषध आहे, काही जणांत काही महिने रोखून धरतं. बाईंनी ते घेऊन पाहिलं. गाठ वाढतच गेली.

काका एकटेच सर्जनना भेटायला गेले. त्यांना एकच विचारायचं होतं.

"कशात कमी पडलो, सांगा. टाक्याला उशीर झाला त्यात? त्या दिवशी आम्ही उशिरा आलो त्यात? वजन उतरलं त्यात? की आधी दाढेच्या नादात वेळ घालवला, तिथेच?"

डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आधी यायला हवं होतं, हे खरं. पण त्यानंतर तुम्ही कशातही कमी पडला नाहीत. सगळं जसं व्हायला हवं तसं केलंत. सगळं नीट करूनही असं होतं."

काका म्हणाले, "असं सांगू नका." त्यांना खरोखरच ते नको होतं. काही चूक निघाली असती, तर तिला धरून बसता आलं असतं, तिच्यावर राग काढता आला असता. आता राग काढायला काही उरलं नव्हतं.

खाली व्हरांड्यात पोस्टातल्या बाई भेटल्या. तपासणीला आल्या होत्या. मानेवरची गाठ गेली होती, गाल भरले होते. त्यांनी ब्रेकबाईंची चौकशी केली. काकांनी दोन शब्दांत सांगितलं. त्या बाईंना रडू आवरेना. एका परक्या माणसाच्या बायकोसाठी त्या व्हरांड्यात भिंतीला टेकून रडत होत्या आणि सारखं म्हणत होत्या, मीच का राहिले हो. त्यांची समजूत घालायची वेळ काकांवर आली. काकांनी घातली.

शेवटच्या महिन्यात बाईंना भेटायला माणसं यायची. बहुतेक जुने शिकाऊ. कुणी आता टॅक्सी चालवत होता, कुणी शाळेची बस. बाईंचं बोलणं त्यांना समजायचं नाही, म्हणून काका बाजेशेजारी बसून अर्थ सांगायचे. बाई म्हणायच्या, याचा गिअर अजून अडकतो का विचारा, आणि काका विचारायचे. खोलीत हसू व्हायचं.

एका दुपारी टॅक्सीवाला आणि त्याची बायको आली होती. मधेच बाई काहीतरी बोलल्या. टॅक्सीवाल्यानं काकांकडे पाहिलं.

"चहा घेतल्याशिवाय जाऊ नका म्हणतेय," काका म्हणाले.

लेकीनं चहा केला. पाहुणे चहा पिऊन, पाया पडून गेले. लेक कप घेऊन आत गेली. बाई काकांकडे बघत होत्या. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तेवढ्याच जाड, तेवढ्याच हळू आवाजात.

"मला फार भीती वाटतेय."

"मलाही," काका म्हणाले.

त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. खिळ्यांनी आणि हातोडीनं घट्टे पडलेला त्यांचा हात बाईंच्या हाताच्या मानानं फार मोठा दिसत होता. भीती कमी झाली असं नाही.

त्यानंतर काका सतत खोलीतच होते. झोपही तिथेच, बाजेशेजारच्या खुर्चीत. फक्त एका सकाळी खालून कुणीतरी हाका मारायला लागलं. एका गिऱ्हाइकाच्या दोन खुर्च्या कधीच्या दुकानात पडून होत्या आणि माणूस वैतागला होता. लेक म्हणाली, बाबा, पाच मिनिटं जाऊन या, मी आईचे केस विंचरते. काका खाली गेले. त्यांनी शटर अर्धं वर केलं, खुर्च्या बाहेर ओढल्या, कापडांचे नमुने दाखवले. गिऱ्हाईक एकेक नमुना उजेडात धरून बघत होतं. हिरवा जास्तच गडद वाटतोय, असं काहीतरी म्हणत होतं.

वरच्या खिडकीतून लेकीनं "बाबा" म्हणून हाक मारली. एकदाच. आवाजावरून काकांना समजलं.

"जरा थांबा हं," ते त्या माणसाला म्हणाले आणि जिना चढायला लागले.

त्या माणसाला काही माहीत नव्हतं. हिरवा नमुना हातात घेऊन तो बराच वेळ थांबला.